जेली क्रिस्टल्स, जिलेटीन की अगर? घरच्या जेलीसाठी आणि ट्रायफलसाठी तिन्हींचे परीक्षण

जेली घरी करायची म्हटले की बहुतेकांच्या हाताला प्रथम रंगीत पाकीट लागते आणि त्यात काही गैर नाही. उकळते पाणी, चार चमचे ढवळणे आणि काही तासांचा धीर एवढ्यावर जो पदार्थ ताटलीत डुलू लागतो, त्याचे कौतुक मला आजही वाटते. तरीही एकच पाकीट साच्यातल्या जेलीला, थरांच्या जेलीला आणि केक, जेली, कस्टर्ड यांचे थर लावून केलेल्या ट्रायफलला सारखेच चालेल असे धरून चालले की निराशा पदरी पडते. गेल्या काही आठवड्यांत मी जेली क्रिस्टल्सचे पाकीट, बिनचवीचे जिलेटीन आणि आपण चायना ग्रास म्हणून ओळखतो ते अगर या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वापरल्या. तोच रस, तेच साचे आणि तोच फ्रीज ठेवला, बदलला तो फक्त घट्ट करणारा घटक. त्या चमचाभर पदार्थावर रंग, स्वाद आणि सजावट या सगळ्यांपेक्षा जास्त अवलंबून असते, हे मला या खटाटोपातून पुरते पटले.

पाकिटापासून सुरुवात करते. सुमारे नव्वद ग्रॅमच्या पाकिटात बहुतेक भाग साखरेचा असतो. उरलेल्या थोड्याशा भागात घट्ट करणारा घटक, आंबटपणासाठी आम्ल, रंग आणि स्वाद असतात. पाणी ओतताच जो घमघमाट येतो तो फळापेक्षा फळाच्या गोळीच्या जवळचा असतो, पण मुलांना तो आवडतो आणि मलाही तो नकोसा वाटत नाही. गोडी मात्र माझ्या जिभेला जास्त वाटते. निम्मे पाणी उकळते आणि उरलेले निम्मे थंड घालायचे असेल, तर थंड पाण्याच्या जागी न गोडवलेला फळांचा रस घालावा. गोडी बेताची होते आणि खऱ्या फळाची चवही येते.

पाकिटावरच्या पाण्याच्या मापाबद्दल माझी तक्रार आहे. ते माप वाटीतून चमच्याने खायच्या जेलीसाठी ठरवलेले असते. त्या मापाने केलेली जेली साच्यातून काढली की दहा मिनिटांत तिचे खांदे उतरतात, कडा बोथट होतात आणि तळाशी पाण्याचे तळे साचते. साच्यासाठी मी पाणी एक पंचमांशाने कमी करते आणि ट्रायफलसाठी एक चतुर्थांशाने, कारण तिथे जेलीला वरच्या थरांचा भार पेलायचा असतो. एवढा एक बदल केला तर साधे पाकीटही पुष्कळ चांगले काम देते.

दुसरी गोष्ट पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते आणि ती वाचल्याशिवाय पाकीट उघडू नये. जेली क्रिस्टल्स एकसारखी दिसली तरी त्यांतला घट्ट करणारा घटक कधी जिलेटीन असतो, तर कधी समुद्री शेवाळापासून काढलेले कॅराजिनन, ज्याचा क्रमांक ई ४०७ असा लिहिलेला सापडतो. जिलेटीन जनावरांच्या कातडीतील आणि हाडांतील कोलॅजेनपासून तयार होते, त्यामुळे शाकाहारी माणसाला हा फरक कळायलाच हवा. पण पदार्थाच्या दृष्टीनेही तो मोठा आहे. मी बरीच वर्षे वापरलेल्या एका पाकिटातला घटक मध्यंतरी बदलला. वरचे चित्र आणि रंग तेच राहिल्याने ते माझ्या ध्यानात आले नाही. नेहमीच्या सवयीने जेली विरघळवून ओट्यावर निवत ठेवली आणि ती अंड्याच्या पांढऱ्याइतकी दाटसर झाली की केकवर ओतावी म्हणून फळे चिरायला बसले. वीस मिनिटांनी भांडे तिरपे केले तर जेली हललीच नाही. फ्रीजबाहेरच ती भांड्यात घट्ट बसली होती. कॅराजिननची जेली फ्रीजबाहेरही बसते आणि तीही झपाट्याने. त्या दिवशी मी ती पुन्हा गरम करून पातळ केली आणि वेळ निभावली, पण निर्मात्याने हा बदल पाकिटाच्या दर्शनी बाजूला ठळकपणे सांगायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

आता जिलेटीन. तोंडात गेल्यावर जेली कशी वागते या एकाच कसोटीवर गुण द्यायचे असतील तर जिलेटीनला तोड नाही. त्याची जेली साधारण पस्तीस अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या उष्णतेच्या थोडे खाली वितळते. म्हणूनच ती जिभेवर ठेवली की न चावता रस होऊन पसरते आणि त्याच क्षणी तिचा स्वाद पूर्ण उलगडतो. ती ताटलीत डुलते तीही वेगळ्याच तऱ्हेने, सावकाश आणि लवचीकपणे. हाच गुण उन्हाळ्यात अंगाशी येतो, कारण गरम खोलीत तिला फार वेळ बाहेर ठेवता येत नाही.

जिलेटीन वापरताना घाई चालत नाही. पूड असेल तर ती थंड पाण्यावर भुरभुरावी, पाणी पुडीवर ओतू नये. नाहीतर गाठी होतात आणि त्या गाठी पुढे कितीही ढवळले तरी सुटत नाहीत. पाच ते दहा मिनिटांत ती पाणी पिऊन फुगते, मग गरम द्रवात सहज विरघळते. उकळू मात्र देऊ नये, कारण जास्त उष्णतेने तिची घट्ट करण्याची ताकद कमी होते. अर्धा लिटर द्रवाला वाटीतल्या जेलीसाठी आठ ग्रॅमच्या आसपास आणि साच्यासाठी दहा-बारा ग्रॅम पूड मला योग्य वाटली. हे आकडे माझ्याकडच्या पुडीचे आहेत, कारण जिलेटीनची ताकद सारखी नसते. ती ‘ब्लूम’ या अंकात मोजतात. ते मोजण्याचे यंत्र ऑस्कर ब्लूम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार केले आणि त्यांचेच नाव त्या अंकाला मिळाले. अंक जितका मोठा तितकी जेली घट्ट. दुसऱ्याच्या घरी हमखास जमणारी कृती आपल्या घरी पातळ होते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून नवी पूड आणली की आधी एका वाटीत थोडी जेली लावून पाहावी, मग मोठा बेत करावा.

जिलेटीनची आणखी एक मर्यादा फळांशी निगडित आहे. ताजे अननस, पपई, किवी आणि अंजीर यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि जिलेटीन हे प्रथिनच असल्याने ती त्याचे तुकडे पाडतात. मी एका वाटीत ताज्या अननसाच्या फोडी आणि दुसरीत तीन-चार मिनिटे शिजवलेल्या फोडी घालून एकाच भांड्यातली जेली ओतली. सकाळी दुसरी वाटी उपडी केली तरी जेली जागची हलली नाही, पहिलीत मात्र सरबत होते. शिजवल्याने ही विकरे निकामी होतात, त्यामुळे डब्यातले अननसही बिनधोक चालते. ताजेच अननस घालायचे असेल तर मात्र अगरकडे वळावे.

अगर लाल समुद्री शेवाळापासून मिळते आणि ते प्रथिन नसून शर्करांच्या लांब साखळ्यांचे बनलेले असल्यामुळे या विकरांचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. त्याचा स्वभाव जिलेटीनच्या अगदी उलट आहे. ते नुसत्या गरम पाण्यात विरघळत नाही, दोन-तीन मिनिटे चांगले उकळावेच लागते. एकदा उकळले की साधारण चाळीस अंशांच्या खाली येताच ते फ्रीजशिवायही बसते आणि बसल्यावर पुन्हा वितळायला सुमारे पंच्याऐंशी अंश उष्णता लागते. बसण्याच्या आणि वितळण्याच्या तापमानांत इतके मोठे अंतर असणे हे अगरचे सर्वांत उपयोगी वैशिष्ट्य आहे.

या वैशिष्ट्यामुळे अगर स्वयंपाकघरातून थेट प्रयोगशाळेत गेले, ही गोष्ट मला फार आवडते. जंतू वाढवण्यासाठी शास्त्रज्ञ पूर्वी जिलेटीन वापरत आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई, शिवाय काही जंतू ते पचवून पातळ करून टाकत. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वॉल्टर हेसे याच अडचणीने त्रासले होते. तेव्हा, १८८१ मध्ये, त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपण घरी जेली आणि पुडिंग करताना वापरतो ते अगर वापरून पाहण्याचे सुचवले. आजही प्रयोगशाळेतल्या बशांमध्ये अगर असते. गरम हवेत जेली टिकत नाही आणि ताज्या फळाने ती पातळ होते, या आपल्या दोन्ही तक्रारींसारख्याच तक्रारी त्यांच्याही होत्या आणि दोन्हींवर उपाय एकच निघाला.

चवीच्या बाबतीत मी अगरला दुसरा क्रमांक देते. त्याची जेली डुलत नाही, सुरीने कापली की स्वच्छ कडेची वडी निघते आणि दातांखाली ती तुटते. जिभेवर विरघळत नसल्याने तिचा स्वाद थोडा उशिरा आणि थोडा फिका जाणवतो, त्यामुळे रस जरा जास्त तीव्र घ्यावा लागतो. दोन दिवसांनी तिला पाणीही सुटते. माझ्याकडच्या पुडीचे अर्ध्या लिटरला चार ग्रॅम प्रमाण मला पुरले. पाच ग्रॅम घातल्यावर जेली खोडरबरासारखी लागली, म्हणून इथे हात आखडता घ्यावा. लिंबाचा रस घालायचा असेल तर तो अगर उकळून गॅस बंद केल्यावर घालावा, आंबट द्रवात उकळले तर अगर कमजोर होते.

थरांच्या जेलीत या दोघांचे स्वभाव अगदी उघडे पडतात. जिलेटीनवर जिलेटीनचा कोमट थर ओतला की खालचा पृष्ठभाग किंचित वितळून दोन्ही थर एकमेकांना धरतात. अगरचा खालचा थर पूर्ण थंड झाला असेल तर वरचा थर त्याला चिकटत नाही आणि कापताना दोन वड्या वेगवेगळ्या होऊन हातात येतात. म्हणून खालचा थर नुकताच बसलेला, बोट लावले तर चिकट लागणारा असताना, वरचा थर गरमच ओतायचा. मी पहिल्यांदा केलेल्या सात रंगांच्या जेलीचे सात वेगळे पापुद्रे झाले होते, कारण प्रत्येक थर मी फ्रीजमध्ये गार करत बसले होते.

फुटक्या काचेच्या जेलीत मात्र दोन्ही घटक एकत्र वापरावेत, असा माझा आग्रह आहे. लाल, हिरव्या आणि पिवळ्या जेलीचे चौकोनी तुकडे दुधाच्या पांढऱ्या जेलीत जडवलेले असतात, तो हा प्रकार. सगळीकडे जिलेटीन वापरले आणि दूध थोडे जरी गरम राहिले तरी तुकड्यांच्या कडा विरघळतात आणि पांढऱ्यात रंगाचे ओघळ उतरतात. तुकडे अगरचे आणि दूध जिलेटीनचे घेतले तर कोमट दुधाने तुकड्यांचे काहीच बिघडत नाही आणि कापल्यावर प्रत्येक तुकड्याची धार काचेसारखी लख्ख दिसते. दुधात आटवलेले गोड दूध मिसळले तर चव भरते. तुकड्यांवरचे पाणी फडक्याने टिपून घ्यावे, म्हणजे ते दुधाला घट्ट धरून राहतात.

मुलांना सर्वांत जास्त आनंद झाला तो दोन सोप्या गोष्टींनी. अर्धवट बसलेली जिलेटीनची जेली फेटली तर ती हवा धरून दुप्पट फुलते आणि फेसासारखी हलकी होऊन बसते. दुसरी गोष्ट टॉनिक वॉटरची. त्यातल्या क्विनीनमुळे अतिनील दिव्याखाली ती जेली निळी चमकते. क्विनीन कडू असते, म्हणून त्यात साखर आणि लिंबू सढळ हाताने घालावे. थंड टॉनिक वॉटर शेवटी, अलगद मिसळले तर थोडे बुडबुडेही टिकतात.

साच्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. धातूचा साचा कोमट पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवला की जिलेटीनची जेली सुटते आणि ताटली आधी ओली केली असेल तर ती मधोमध सरकवताही येते. सिलिकॉनच्या साच्यात बारीक नक्षी छान उठते, पण मऊ जेली त्याला बिलगून राहते, त्यामुळे त्यात अगरच बरे. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायला हवी. एका घासात तोंडात टाकता येतील असे छोटे गोल साचे लहान मुलांच्या जेलीसाठी वापरू नयेत. न विरघळणारी घट्ट जेली घशात अडकू शकते. याच धोक्यामुळे युरोपीय संघाने २००३ मध्ये जेलीच्या मिठाईत कोंजॅक या घट्ट करणाऱ्या घटकाचा वापर बंद केला. लहानग्यांना जेली बारीक चिरून आणि समोर बसवूनच द्यावी.

आता ट्रायफल, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप मी केला. ट्रायफल हे मूळचे इंग्लंडचे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या नावाने जे केले जाई ते साखर, आले आणि गुलाबपाणी घातलेले दाट क्रीम होते. केक, कस्टर्ड आणि जेली त्यात पुढच्या काळात आली. काचेच्या भांड्यात बाहेरून थर दिसावेत हे त्याचे सौंदर्य आहे आणि थर एकमेकांत न मिसळता चमच्यात मात्र एकत्र यावेत ही त्याची परीक्षा आहे. या परीक्षेत मी तीन भांडी लावली.

पाकिटावरच्या मापाने केलेल्या भांड्यात केकचे तुकडे तळाला रचून कोमट जेली ओतली, तर केक तरंगून वर आला, त्याचा चुरा सुटला आणि जेली गढूळ झाली. अगरच्या भांड्यात थर रेघ मारल्यासारखे सरळ दिसले आणि तासभर बाहेर ठेवूनही जागचे हलले नाहीत, पण खाताना चमच्याखाली जेलीचे खडे वेगळे पडले आणि मऊ केक व कस्टर्ड यांच्याशी त्यांचे जमले नाही. तिसऱ्या भांड्यात जिलेटीन आणि ताज्या फळांचा रस होता. जेली सरबताइतकी पातळ असतानाच दोन-तीन चमचे केकवर शिंपडून त्याला तळाशी बसवले, पंधरा मिनिटे फ्रीजमध्ये ठेवले आणि उरलेली जेली अंड्याच्या पांढऱ्यासारखी दाट झाल्यावर पळीच्या पाठीवरून हळूच सोडली. त्या दाट जेलीत फळेही जिथे ठेवली तिथेच राहिली, ना तळाला गेली ना वर आली. चव आणि रूप या दोन्हींत हेच भांडे पहिले आले, यात मला काडीची शंका नाही.

कस्टर्डच्या बाबतीत पुड्याचे कस्टर्ड मी खुशाल वापरते. अंड्याविना कस्टर्ड करण्याची पूड १८३७ मध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बर्मिंगहॅममध्ये तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे. ती कॉर्नफ्लोअरवर आधारलेली असल्याने उकळी येऊन दाट होईपर्यंत शिजवावीच लागते, नाहीतर कच्ची चव राहते आणि नंतर ते पातळ पडते. ट्रायफलसाठी पाकिटावर सांगितल्यापेक्षा अर्धा चमचा पूड जास्त घ्यावी. निवताना वर साय धरू नये म्हणून त्याच्या पृष्ठभागालाच लागेल असा कागद ठेवावा. ते पूर्ण गार झाल्याशिवाय जेलीवर घालण्याचा मोह आवरावा. मी एकदा पाहुणे दाराशी आले म्हणून कोमट कस्टर्ड ओतले आणि डोळ्यांदेखत भांड्याच्या काचेआतून पिवळ्याचे लोट लाल जेलीत उतरताना पाहिले. चव बिघडली नव्हती, पण तासाभराने त्या भांड्यात एकही थर उरला नव्हता.

फेटलेले क्रीम वाढण्याच्या तासभर आधी घालावे, बाकीचे सगळे आदल्या रात्री लावून ठेवलेलेच चांगले. रात्रभरात केक रस पितो, कस्टर्ड जेलीला धरते आणि चमचा थेट तळापर्यंत एका दमात जातो. केळे घालायचे असेल तर त्याला लिंबाचा रस चोळून ते कस्टर्डच्या आत दडवावे, म्हणजे ते काळे पडत नाही. उरलेले ट्रायफल झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस उत्तम राहते. ते गोठवू मात्र नये, कारण गोठून सुटल्यावर जेली आणि कस्टर्ड या दोन्हींना पाणी सुटते. माझ्याकडचे तिसरे भांडे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच पुरले. अगरच्या भांड्यातले अर्धे उरले होते, तेव्हा त्यातली जेली वेचून बारीक चिरली, थंड दुधात घातली आणि तशी ती मुलांनी आवडीने संपवली.